डायलवरचा आकडा आणि आपली खरी जागा: एकाच हॅम बँडवर अनेक मोड कसे सांभाळायचे

रात्रीची वेळ होती आणि ७ मेगाहर्ट्झचा हॅम बँड, म्हणजे हौशी रेडिओला दिलेला फ्रिक्वेन्सींचा टप्पा, छान उघडला होता. तासभर मोर्सवर गप्पा झाल्यावर मी माइक हातात घेतला, एलएसबी हा आवाजाचा मोड लावला, डायल फिरवत एका शांत जागी आलो, एकदा विचारलं आणि लगेच सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, द्यायला लागलो. तिसऱ्या हाकेनंतर एक आवाज आला: इथे अर्ध्या तासापासून आमचं बोलणं चालू आहे, कृपया सरकून घ्या. मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं. माफी मागून सरकलो आणि मग कारण शोधलं. माझ्या जुन्या सेटवर मोर्ससाठी लावलेला ५०० हर्ट्झचा फिल्टर तसाच राहिला होता. ते दोघे माझ्यापासून दीड किलोहर्ट्झवर होते. मी दाराच्या फटीतून कानोसा घेतला आणि बोललो मात्र दार सताड उघडून.

त्या रात्रीपासून मी नव्या हॅमला आधी एकच गोष्ट समजावून सांगतो. आपण ‘फ्रिक्वेन्सीवर’ आहोत असं म्हणतो, पण फ्रिक्वेन्सी हा बिंदू असतो आणि आपला सिग्नल हा पट्टा असतो. त्या पट्ट्याची रुंदी किती, तो डायलच्या कोणत्या बाजूला पसरतो आणि त्याच्या दोन्ही कडांपलीकडे कोण आहे, एवढं कळलं की मोर्स, आवाज आणि डिजिटल मोड एकाच बँडवर नीट नांदतात. पुढचा सगळा लेख त्याचाच व्यवहार आहे.

आधी आपली रुंदी पाहा

मोर्सचा, म्हणजे सीडब्ल्यूचा, नीट घडवलेला सिग्नल साधारण १०० ते १५० हर्ट्झमध्ये बसतो. पीएसके३१ हा संगणकावर चालणारा डिजिटल मोड त्याहूनही बारीक. एफटी८ हा दुसरा डिजिटल मोड ५० हर्ट्झ घेतो. १७० हर्ट्झ शिफ्टचा (दोन सुरांमधल्या अंतराचा) आरटीटीवाय, म्हणजे रेडिओ टेलीटाइप, सुमारे २५० ते ३०० हर्ट्झ. सिंगल साइडबँड (एसएसबी) आवाजाला २.४ ते २.७ किलोहर्ट्झ लागतात, एएमला सुमारे ६ किलोहर्ट्झ आणि ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या (फ्रिक्वेन्सीच्या हेलकाव्याच्या) एफएमला जवळजवळ १६ किलोहर्ट्झ.

हे आकडे एका बँडवर मांडून बघा. बऱ्याच देशांत ४० मीटरचा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २०० किलोहर्ट्झचा आहे. तीन-तीन किलोहर्ट्झ अंतर ठेवलं तर त्यात एसएसबीची ६६ संभाषणं मावतात. सहा किलोहर्ट्झ अंतराने एएमची ३३. ५०० हर्ट्झ अंतर ठेवून मोर्सची ४००. आणि एसएसबीच्या एका संभाषणाच्या ३ किलोहर्ट्झ जागेत एफटी८चे ६० सिग्नल शेजारी शेजारी उभे राहतात. यावरून अमुक मोड चांगला आणि तमुक वाईट असं काही ठरत नाही. मला स्वतःला माणसाचा आवाज ऐकायला फार आवडतो. पण रुंद सिग्नल पाठवणाऱ्यावर जबाबदारी जास्त असते, कारण त्याच्या एका चुकीखाली पाच-दहा बारीक सिग्नल दबतात आणि ते दबले हे त्याला कळतही नाही.

बँड प्लॅन वाचायचा कसा

आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ, म्हणजे आयएआरयू, १९२५ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. त्याचे तीन विभाग आहेत: पहिला युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्वेचा, दुसरा अमेरिका खंडांचा, तिसरा आशिया-प्रशांतचा. प्रत्येकाचा बँड प्लॅन वेगळा, म्हणून आपल्या विभागाचाच तक्ता छापून घ्या. त्याच्यावर तुमच्या देशाचे परवान्याचे नियम. अमेरिकेत १४.१५० मेगाहर्ट्झच्या खाली आवाजाला कायद्यानेच मनाई आहे. इतर अनेक देशांत परवाना फक्त बँडच्या कडा आणि पॉवर सांगतो, आतली वाटणी बँड प्लॅनवर म्हणजे आपसातल्या समजुतीवर चालते. ती मोडली तर दंड होत नसेल, पण त्रास तितकाच होतो.

तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे कमाल बँडविड्थ. नवखे लोक मोडचं नाव वाचतात आणि हा रकाना सोडून देतात. पहिल्या विभागाच्या २० मीटरच्या (१४ मेगाहर्ट्झच्या) तक्त्यात १४.०७० पर्यंत मोर्स आहे, १४.०७० ते १४.०९९ पर्यंत ५०० हर्ट्झच्या आतले डिजिटल मोड, १४.०९९ ते १४.१०१ बीकन (खुणेचा सिग्नल पाठवणारी स्टेशनं), त्यापुढे १४.११२ पर्यंत रुंद डिजिटल आणि तिथून वर २.७ किलोहर्ट्झपर्यंतचे सर्व मोड. उद्या एखादा नवा डिजिटल मोड आला आणि तक्त्यात त्याचं नाव नसलं, तरी त्याची रुंदी पाहून त्याची जागा ठरवता येते.

कडेचं गणित

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

एसएसबीमध्ये डायल दाखवते ती दाबून टाकलेल्या कॅरिअरची (वाहक लहरीची) जागा. तिथे तुमचा आवाज नसतोच. रिवाज असा की १० मेगाहर्ट्झच्या खाली आवाजासाठी एलएसबी (खालचा साइडबँड) वापरायचं आणि वर यूएसबी (वरचा साइडबँड). एलएसबीत आवाज डायलच्या खाली साधारण ३०० ते २७०० हर्ट्झवर पसरतो, यूएसबीत तेवढाच वर. डायल ७.०९५ आणि एलएसबी असेल तर तुमचा पट्टा ७.०९२३ ते ७.०९४७. डायल १४.२५० आणि यूएसबी असेल तर १४.२५०३ ते १४.२५२७.

आता बँडची वरची कड घ्या. २० मीटरचा बँड १४.३५० ला संपतो. यूएसबीत डायल १४.३४८ वर ठेवली तर आकडा बँडच्या आत दिसतो, पण आवाज १४.३५०७ पर्यंत, म्हणजे हद्दीबाहेर जातो. म्हणून १४.३४७ च्या वर जायचं नाही. त्याच हिशेबाने पहिल्या विभागात ४० मीटरवर एलएसबीच्या आवाजासाठी डायल ७.०५३ च्या खाली आणू नये असं सांगितलं आहे, नाहीतर आवाजाचं शेपूट ७.०५० च्या खाली बारीक मोडच्या जागेत लोळतं.

खरी गाठ पडते ती ७.०७४ पाशी. एफटी८ची ही नेहमीची जागा, आणि डिजिटलसाठी मात्र ४० मीटरवरही यूएसबीच वापरतात. म्हणजे एफटी८ची वस्ती ७.०७४ पासून वर ७.०७७ पर्यंत. तिच्या आजूबाजूला एलएसबीवर बोलणारी मंडळी असतात आणि त्यांचा आवाज वरून खाली येतो. दोन शेजाऱ्यांची दारं समोरासमोर उघडतात, तशी ही स्थिती. समजा तुम्ही एलएसबीत ७.०७९ निवडलंत. एफटी८ पासून दोन किलोहर्ट्झ दूर आहोत असं वाटेल, पण तुमचा आवाज ७.०७६३ पर्यंत खाली उतरतो आणि एफटी८चा वरचा चौथा हिस्सा बुजवतो. उलट एलएसबीत ७.०७४ वर डायल ठेवली तर आवाज ७.०७१३ ते ७.०७३७ मध्ये राहतो आणि एफटी८ला हात लागत नाही. वरच्या बाजूला ७.०७८ पासून जेएस८ या आणखी एका डिजिटल मोडची वस्ती असते, तीही सांभाळायची तर डायल ७.०८४ किंवा वर ठेवा. हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करून बघा. मग विसरत नाही.

माझ्या सेटच्या वर पुठ्ठ्याचं एक कार्ड चिकटवलेलं आहे. त्यावर मी वापरतो त्या प्रत्येक बँडसाठी दोन आकडे आहेत: आवाजासाठी डायल कुठून कुठपर्यंत न्यायची. उशिरा रात्री डोळे जड झाले की त्या कार्डाचा खरा उपयोग होतो.

गल्लीतली घरं ओळखून ठेवा

२० मीटरची डिजिटल गल्ली फार दाट आहे. १४.०७० पासून पीएसके३१, १४.०७४ ला एफटी८, १४.०७८ ला जेएस८, १४.०८० ला एफटी४, १४.०९५६ ला डब्ल्यूएसपीआर. हे सगळे डायलचे आकडे यूएसबीतले, त्यामुळे प्रत्यक्ष सिग्नल त्यांच्या वर असतात. आरटीटीवायच्या स्पर्धेत ही गल्ली तुडुंब भरते आणि काही स्टेशनं सरकत सरकत १४.१०० वर जाऊन बसतात.

ते मात्र होऊ देऊ नका. १४.१०० वर जगभरातल्या १८ बीकनची साखळी चालते आणि प्रत्येकाला १० सेकंद मिळतात. तीन मिनिटांत फेरी पूर्ण. प्रत्येक बीकन मोर्समध्ये आपला कॉलसाइन (स्टेशनचं ओळखचिन्ह) देतं आणि मग एक-एक सेकंदाचे चार डॅश पाठवतं: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि शेवटचा ०.१ वॉटचा. तो शेवटचा डॅश हजारो किलोमीटरवरून ऐकू आला की बँड किती उघडा आहे हे कळतं. कुणीतरी १०० वॉटने तिथे सीक्यू देत असेल, तर ऐकणाऱ्याला ना तो डॅश मिळतो ना बँडची खबर. १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० वरही हीच साखळी आहे.

१४.३०० ही आपत्कालीन संपर्काची जागतिक ठरलेली जागा. तिथे गप्पा सुरू करण्याआधी दुप्पट ऐका, आणि आपत्कालीन काम चालू असेल तर दूर व्हा. १४.२३० वर चित्रं पाठवणारे एसएसटीव्हीवाले भेटतात. स्पर्धेच्या शनिवार-रविवारी गर्दी नकोशी वाटली तर १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या बँडकडे वळा. १९७९ च्या जागतिक परिषदेत मिळालेल्या या तिन्ही बँडवर स्पर्धा घेत नाहीत. १० मेगाहर्ट्झचा बँड जेमतेम ५० किलोहर्ट्झचा, म्हणून तिथे मोर्स आणि बारीक डिजिटल एवढंच चालवतात.

जागा घेण्याच्या पायऱ्या

१. फिल्टर उघडा. आवाजासाठी जागा शोधत असाल तर निदान २.७ किलोहर्ट्झ. नॉइज रिडक्शन बंद करा. ते कमकुवत मोर्सला कुरकुर समजून गिळून टाकतं.

२. डायल तीन किलोहर्ट्झ खाली आणि तीन किलोहर्ट्झ वर नेऊन ऐका. सेटला वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारा सरकता पडदा) असेल तर त्यावर बारीक उभ्या रेषा शोधा. फिकट रेषा म्हणजेही कुणीतरी आहे.

३. मिनिटभर थांबा. हे सर्वांत जड जातं, पण त्याला कारण आहे. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) लहरी आयनोस्फिअरवरून परततात तेव्हा जवळचा काही टापू वगळला जातो. बोलणाऱ्या दोघांपैकी एक त्या टापूत असेल तर तुम्हाला त्याचा आवाज येतच नाही. तो चाळीस सेकंद बोलला तर तुमच्यासाठी ती चाळीस सेकंदांची शांतता असते.

४. विचारा. आवाजावर कॉलसाइनसह ‘इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?’ आणि मोर्सवर ‘क्यूआरएल?’. मग पाच-सहा सेकंद पूर्ण थांबा, पुन्हा विचारा, पुन्हा थांबा. मोर्सवर उत्तरादाखल नुसता एक ‘सी’ किंवा ‘आर’ येऊ शकतो. तो ऐकला की विषय संपला, पुढची जागा बघा.

५. अँटेना ट्यून करायची असेल तर इथे करू नका. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या भारावर) करा, किंवा चार-पाच किलोहर्ट्झ दूर रिकाम्या जागी कमी पॉवरने काही सेकंदांत उरका.

६. पहिलं प्रत्युत्तर आल्यावरही कान उघडे ठेवा. बँड बदलत असतो. तासापूर्वी एकमेकांना न ऐकणारी दोन संभाषणं लहरींची वाट बदलल्यावर अचानक एकमेकांच्या अंगावर येतात. यात कुणाचीच चूक नसते. जो सहज सरकू शकतो त्याने सरकावं.

आपोआप चालणाऱ्या डेटा स्टेशनांना कान नसतात, म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअरमधली ‘चॅनेल व्यग्र आहे का’ ही तपासणी कधीही बंद करू नये. ईमेल पाठवायची घाई असते तेव्हाच ती बंद करायचा मोह होतो.

एफटी८: तीन किलोहर्ट्झमधली दाटी

जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली एफटी८ आणला आणि काही महिन्यांत बँडचं रूप पालटलं. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, त्यात १२.६४ सेकंदांचं प्रक्षेपण, आळीपाळीने एक बोलतो, दुसरा ऐकतो. डायल सगळ्यांची सारखी आणि प्रत्येकाची जागा ऑडिओच्या ऑफसेटवर, म्हणजे डायलच्या वर किती हर्ट्झ यावर, ठरते. त्यामुळे इथे जागा वाटून घेण्याचे नियम थोडे निराळे आहेत.

समोरच्याच्याच ऑफसेटवर जाऊन हाक मारू नका. वॉटरफॉलवर ५० हर्ट्झची रिकामी पट्टी शोधा, आपला ऑफसेट तिथे ठेवा आणि ‘होल्ड टीएक्स फ्रिक्वेन्सी’वर खूण करा, म्हणजे दुसऱ्याला क्लिक केल्यावर तुमची जागा हलणार नाही. रिकामी पट्टी शोधताना दोन्ही पाळ्या बघा. तुम्ही ज्या पाळीत पाठवता त्या पाळीतले सिग्नल तुम्हाला कधीच दिसत नाहीत, कारण त्या वेळी तुमचा रिसीव्हर बंद असतो. म्हणून दर काही मिनिटांनी एक पाळी गाळा आणि नुसतं बघा. मी हे करायला लागलो तेव्हा कळलं की ज्या पट्टीवर मी मजेत सीक्यू देत होतो तिथे त्याच पाळीत आणखी एक स्टेशन होतं.

ऑडिओची पातळी एवढीच ठेवा की एएलसी (पॉवर आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा काटा) हलणार नाही. जास्त ऑडिओ दिला की हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवरच्या प्रती) तयार होतात: ६०० हर्ट्झवर असाल तर १२०० आणि १८०० वर तुमचीच भुतं उभी राहतात आणि एका माणसाने तीन जागा अडवल्या असं होतं. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरमधला स्प्लिटचा पर्याय चालू केला तर कार्यक्रम ऑडिओ १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवून डायल सरकवतो, मग हार्मोनिक सेटच्या फिल्टरबाहेर पडतात. पॉवर २०-३० वॉटपेक्षा जास्त क्वचितच लागते. संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत जुळलेलं हवं.

सिग्नल स्वच्छ नसेल तर सगळा हिशेब फुकट

वर दिलेल्या रुंदी चांगल्या सिग्नलच्या आहेत. माइक गेन आणि कॉम्प्रेशन ताणलं की २.७ किलोहर्ट्झचा आवाज सहा-सात किलोहर्ट्झवर शिंतोडे उडवतो. मोर्समध्ये कीइंग (सिग्नलचं चालू-बंद होणं) फार टोकदार असेल तर प्रत्येक डिट-डासोबत टिचक्या वाजतात. पाच मिलिसेकंदांच्या आसपास चढ-उतार ठेवला की त्या बसतात. आपला सिग्नल आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ओळखीच्या हॅमला तीन किलोहर्ट्झ बाजूला बसून ऐकायला सांगा आणि तो जे सांगेल ते मानून घ्या.

एकाच आवारात अनेक स्टेशनं असतील तेव्हा

क्लबच्या फील्ड डेला (मैदानात स्टेशनं मांडण्याच्या दिवशी) मोर्स, आवाज आणि डिजिटल अशी तीन टेबलं मांडली की वाटणीचा प्रश्न घरातच येतो. एका बँडवर एकाच आवारातून दोन ट्रान्समीटर चालवू नका. एक बोलला की दुसऱ्याचा रिसीव्हर बहिरा होतो. प्रत्येक टेबलाला वेगळा बँड द्या, बँड-पास फिल्टर लावा आणि तासातासाने बँड बदलायचं वेळापत्रक भिंतीवर लावा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ हे बँड ७च्या पटीत आहेत, म्हणून खालच्या बँडचे हार्मोनिक वरच्या बँडवर येऊन पडतात. मोर्सचं टेबल ७.०२५ वर असेल तर त्याची तिप्पट २१.०७५, आणि १५ मीटरवरचा एफटी८ २१.०७४ पासून वर असतो. अगदी मधोमध. मोर्सवाल्याने ७.०२० वर जावं, तिप्पट २१.०६० होते आणि डिजिटलचं टेबल मोकळं होतं. वेळापत्रक करतानाच ही दुप्पट-तिप्पट लिहून काढा.

व्हीएचएफ आणि उपग्रह, थोडक्यात

वर, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या पलीकडे, गेलं की बँड रुंद होतात आणि बरंचसं काम चॅनेल पद्धतीने चालतं. इथे महत्त्वाचं एवढंच की एसएसबी आणि मोर्सच्या भागात एफएम आणू नये. शेकडो किलोमीटरवरचा क्षीण आवाज ऐकत बसलेला माणूस एका हँडीच्या (हातातल्या छोट्या सेटच्या) हाकेने बहिरा होतो. मिश्र रिपीटरवर (एफएम आणि डिजिटल दोन्ही पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर) सीटीसीएसएस टोन, म्हणजे रिसीव्हर उघडणारा हलका सूर, लावा, म्हणजे एफएम ऐकणाऱ्याला डिजिटलची घरघर ऐकावी लागत नाही. डीएमआर हा डिजिटल आवाजाचा मोड १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये ३० मिलिसेकंदांच्या दोन पाळ्या करून दोन संभाषणं चालवतो. जागेऐवजी वेळ वाटून घेण्याचं हे सुंदर उदाहरण आहे.

क्यूओ-१०० या भूस्थिर उपग्रहावर तिसरीच गोष्ट वाटली जाते, ती म्हणजे पॉवर. त्याच्या नॅरोबँड ट्रान्सपाँडरमध्ये (सिग्नल घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्रात) सगळ्यांचे सिग्नल एकाच अॅम्प्लिफायरमधून जातात. एकाने जोर लावला की बाकीचे दबतात. म्हणून नियम असा की तुमचा परत येणारा सिग्नल बीकनपेक्षा मोठा नसावा, आणि तो मोठा झाला तर ‘लैला’ नावाची यंत्रणा तुमच्या आवाजावर भोंगा वाजवते. स्वतःचा सिग्नल उपग्रहावरून परत ऐकत पॉवर कमी करत जाण्याची ही सवय एचएफवरही लावून घ्यावी असं मला वाटतं.

कुणी आपल्या जागेवर आलं तर

आधी धरून चला की त्याला तुम्ही ऐकू येत नाही. त्याच्या मोडमध्येच उत्तर द्या: मोर्सवाल्याला मोर्समध्ये ‘क्यूआरएल’, आवाजवाल्याला कॉलसाइनसह एक शांत वाक्य. एफटी८चा सिग्नल तुमच्या गप्पांखाली उमटत असेल तर आधी स्वतःची डायल आणि साइडबँड पाहा. पुष्कळदा आपणच त्याच्या वस्तीत घुसलेलो असतो. समोरचा हटला नाही तर वाद घालण्यात दोघांचा बँड जातो. मित्राला ‘तीन किलोहर्ट्झ वर’ असं सांगा, दोघंही सरका, आणि नव्या जागीही आधी विचारा. रोज ठरलेल्या वेळी नेट (अनेकांचा एकत्र संपर्क) चालवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक पर्यायी फ्रिक्वेन्सी सदस्यांना कळवून ठेवावी, म्हणजे नेहमीची जागा भरलेली असली की नेट कंट्रोलला फक्त ‘पर्यायीवर या’ एवढंच म्हणावं लागतं.